सर्वांची एकच खोली: कोड लिहिण्याची सामायिक जागा कशी बांधावी

इथे जी खोली बांधायची आहे ती अशी. ब्राउझरमध्ये एक पान उघडायचं. आत एक फळा, कोडचे दोन-चार कागद आणि त्या कोडवर चालणाऱ्या वस्तू: एखादा उसळणारा चेंडू, एखादं घड्याळ, एखादा आलेख. पाच-सात जण एकाच वेळी आत. कुणी कागदावरचा नियम बदलला की चालता चेंडू सगळ्यांच्या समोर नव्या नियमाने उसळायला लागतो. कुणालाही पान रिफ्रेश करावं लागत नाही. स्क्रीन शेअर करून हे साधत नाही. तिथे माउस एकाच्या हातात आणि बाकीचे बघे.

कल्पना जुनी आहे. १९९० च्या सुमारास झेरॉक्स पार्क या संशोधन केंद्रात पावेल कर्टिस यांनी लॅम्डामू हे मजकुरावर चालणारं ऑनलाइन जग सुरू केलं. तिथल्या खोल्या आणि वस्तू लोक आत राहूनच प्रोग्राम करत. सेल्फ या भाषेत पुढे ‘कॅन्सस’ नावाचं एक मोठं सपाट पटांगण झालं, ज्यात अनेक जण एकाच चालत्या प्रोग्रामवर हात चालवत. २००१ मध्ये ॲलन के, डेव्हिड ए. स्मिथ, डेव्हिड पी. रीड आणि अँड्रियास राब यांनी स्क्वीक स्मॉलटॉक या भाषेवर क्रोके ही अशीच सामायिक जागा उभी करायला घेतली. तिचा पाया रीड यांच्या एमआयटीतल्या १९७८ च्या प्रबंधात होता. क्रोकेने धरलेली वाट आजही सगळ्यात सरळ आहे, म्हणून इथली मांडणी तिच्यावरच बेतली आहे, फक्त स्मॉलटॉकऐवजी जावास्क्रिप्टमध्ये.

सामान थोडं लागतं: सर्व्हरवर जावास्क्रिप्ट चालवणारं नोड, वेबसॉकेटसाठी (ब्राउझर आणि सर्व्हर यांच्यातली सतत उघडी जोडणी) त्यावर चालणारं ‘डब्ल्यूएस’ पॅकेज, जावास्क्रिप्टचा कोड वाचून त्याच्या रचनेचं झाड करून देणारा ‘एकॉर्न’ पार्सर, आणि चाचणीसाठी क्रोम व फायरफॉक्स असे दोन वेगवेगळे ब्राउझर. दोन ब्राउझर का, ते पुढे कळेलच.

आधी ठरवा: काय पाठवायचं

पहिल्यांदा बांधणारे जवळजवळ सगळे वस्तूंची स्थिती पाठवतात. चेंडू इथे आहे, आता इथे आहे, आता इथे. सेकंदाला ६० वेळा, प्रत्येक वस्तूसाठी, प्रत्येकाकडे. वस्तू दहा झाल्या की वायर भरते, आणि दोघांनी एकाच वेळी एकच वस्तू हलवली तर खरी कुठली हे ठरवायला सर्व्हरला खोलीचं सगळं ज्ञान असावं लागतं. मग खोलीतला नियम बदलायचा म्हणजे सर्व्हर बदलायचा. चालता कोड बदलता येणं हाच खोलीचा हेतू, आणि तो इथेच बुडतो.

म्हणून स्थिती पाठवायची नाही. प्रत्येकाच्या ब्राउझरमध्ये खोलीची पूर्ण प्रत चालवायची आणि फक्त लोकांच्या कृती पाठवायच्या: ‘चेंडूला लाथ मारली’, ‘कागद क्रमांक ३ बदलला’. सगळ्या प्रतींना तेच निरोप, त्याच क्रमाने, त्याच वेळेच्या शिक्क्यासह मिळाले, तर सगळ्या प्रती आपापलं गणित करून त्याच जागी पोहोचतात. चेंडू दहा मिनिटं उसळत राहिला तरी त्याच्या जागेबद्दल एकही बाइट पाठवावा लागत नाही.

पुढची सगळी खटपट या एका अटीसाठी आहे: तेच निरोप, तोच क्रम, तोच निकाल.

निरोप्या

मधल्या सर्व्हरला आपण निरोप्या म्हणू. त्याला खोलीत काय आहे ते माहीत नसतं आणि माहीत असायची गरजही नाही. त्याचं काम तीन गोष्टींचं: आलेल्या निरोपावर पुढचा क्रमांक घालणं, वेळेचा शिक्का मारणं, आणि तो खोलीतल्या सगळ्यांना पाठवणं. पाठवणाऱ्यालासुद्धा. पाठवणाऱ्याने आपला निरोप परत येईपर्यंत आपल्या प्रतीत काहीही बदलायचं नाही. हा नियम एकदा मोडला की क्रम गेला.

निरोपात चार खाने पुरतात: क्रमांक, वेळ, पाठवणारा, मजकूर. मजकूर निरोप्याने उघडून बघू नये. तो पाठवण्याआधी ब्राउझरमध्येच एनक्रिप्ट केला तरी काम चालतं, हा या रचनेचा मोठा फायदा.

वेळ भिंतीवरच्या घड्याळाची घेऊ नका. सर्व्हरचं घड्याळ इंटरनेटवरून जुळवलं जातं तेव्हा ते कधी मागे सरकतं, आणि मागे सरकलेली वेळ सगळ्या प्रतींना गोंधळात टाकते. नोडमधला ‘परफॉर्मन्स.नाऊ’ घ्या, तो मागे जात नाही. त्याचे पूर्णांक मिलिसेकंद करा. निरोप्या बंद पडून पुन्हा सुरू झाला तर हा आकडा शून्यापासून सुरू होतो, म्हणून खोलीची शेवटची वेळ साठवून त्यात मिळवत जा.

कुणी काही करत नसेल तेव्हाही वेळ पुढे जायला हवी, नाहीतर चेंडू हवेतच थांबेल. त्यासाठी निरोप्या दर ५० मिलिसेकंदांनी एक रिकामी ‘टिक’ पाठवतो, जिच्यात फक्त वेळ असते. टिक साठवून ठेवायची नाही. पुढच्या खऱ्या निरोपावरची वेळ बघून प्रत मधलं सगळं गणित करून घेते आणि निकाल तोच येतो.

आत येणं आणि बाहेर जाणं हेही निरोपच, आणि ते निरोप्याने स्वतः घालायचे. ब्राउझरवर सोडलं तर लॅपटॉपचं झाकण बंद करणाऱ्याचा ‘मी गेलो’ कधीच येत नाही. ब्राउझरमधल्या जावास्क्रिप्टला वेबसॉकेटचा पिंग (‘आहेस का?’ अशी हाक) पाठवता येत नाही, पण सर्व्हरच्या पिंगला ब्राउझर आपोआप उत्तर देतो. दर १५ सेकंदांनी पिंग, सलग दोनदा उत्तर नाही तर ‘गेला’ असा निरोप सगळ्यांना. निरोप्याच्या पुढे एनजिनएक्स हा वेब सर्व्हर ठेवला असेल तर एचटीटीपी १.१ आणि अपग्रेडचं हेडर पुढे पाठवायला विसरू नका, आणि शांत कनेक्शन तोडण्याची त्याची मुदत मुळात ६० सेकंद असते हेही लक्षात ठेवा. टिक किंवा पिंग चालू असेपर्यंत ती आड येत नाही. दोन्ही बंद केले की येते.

निरोप्या कुठे ठेवायचा हा प्रश्न दिसतो त्याहून मोठा आहे. पुण्या-नाशिकच्या मंडळींसाठी मुंबईतला सर्व्हर घेतला तर क्लिक आणि परिणाम यांतलं अंतर जाणवत नाही. तोच सर्व्हर अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर असला तर मुंबईहून जाऊन यायला साधारण २०० मिलिसेकंद लागतात, आणि प्रत्येक क्लिक जड वाटतो. टीम निम्मी पुण्यात आणि निम्मी न्यू जर्सीत असेल तर एका बाजूला हे सोसावंच लागतं. जास्त लोक जिथे, तिथे ठेवा.

मॉडेल आणि व्ह्यू

ब्राउझरमधला कोड दोन कप्प्यांत काटेकोर वेगळा करा. मॉडेल म्हणजे खोलीची प्रत. ती सगळ्यांकडे तंतोतंत सारखी. व्ह्यू म्हणजे डोळे आणि हात: चित्र काढणं, माउस, कीबोर्ड, आवाज. व्ह्यू प्रत्येकाचा वेगळा असू शकतो. मोबाइलवर छोटा, मोठ्या स्क्रीनवर मोठा. व्ह्यूने मॉडेल वाचायचं, पण लिहायचं कधीच नाही. काही बदलायचं असेल तर निरोप्याकडे निरोप.

मॉडेलच्या आत काही वेळाने करायचं काम ‘सेटटाइमआउट’ या ब्राउझरच्या टायमरने करू नका. मॉडेलची स्वतःची ‘पुढे करायची कामं’ अशी एक रांग ठेवा: कोणत्या वेळी, कोणत्या वस्तूवर, कोणती कृती. निरोप आला की आधी त्याच्या वेळेपर्यंतची रांगेतली कामं वेळेच्या क्रमाने उरका, मग निरोप चालवा. दोन कामांची वेळ एकच असेल तर जे आधी रांगेत आलं ते आधी. त्यासाठी प्रत्येक कामाला चढता क्रमांक द्या. चेंडू दर ५० मिलिसेकंदांनी स्वतःला पुढच्या ५० साठी पुन्हा रांगेत लावतो. स्क्रीनवर मात्र सेकंदाला ६० चौकटी हव्या असतात. मधल्या जागा व्ह्यू मागच्या आणि पुढच्या जागेवरून काढून दाखवतो, मॉडेलला त्याचा पत्ता नसतो.

इथे हमखास होणारी एक चूक जवळून बघा. चेंडू गोलात गेला. मॉडेलने ‘गोल झाला’ अशी घटना व्ह्यूला कळवली. व्ह्यूने घंटा वाजवली आणि वर ‘गुण एकने वाढवा’ असा निरोप पाठवला. एकट्याने चाचणी केली तेव्हा सगळं बरोबर. आठ जण आत आले की प्रत्येक गोलाला आठ गुण, कारण व्ह्यू आठ आहेत आणि आठांनीही निरोप पाठवला. गुण मॉडेलनेच वाढवायचे. व्ह्यूने निरोप पाठवायचा तो फक्त समोर बसलेल्या माणसाने काही केलं म्हणून.

बाहेरून माहिती आणायची असेल तर हाच नियम उलट्या बाजूने लागतो. मॉडेलने नेटवरून काही मागवलं तर आठ प्रती आठ वेळा मागवतील आणि आठ वेगवेगळी उत्तरं आणतील. ज्याने बटण दाबलं त्याच्या व्ह्यूने माहिती आणावी आणि मिळालेलं उत्तर निरोप म्हणून सगळ्यांना द्यावं.

फाटे कुठे फुटतात

दोन प्रतींचा निकाल वेगळा आला की खोलीला फाटा फुटतो. एकाला चेंडू डावीकडे दिसतो, दुसऱ्याला उजवीकडे, आणि दोघांनाही आपलंच खरं वाटतं. एररही येत नाही. म्हणून हे आधीच अडवावं लागतं.

कुठलाही आकडा काढून देणारं ‘मॅथ.रँडम’ मॉडेलमध्ये चालणार नाही, हे सगळ्यांना लवकर सुचतं. त्याजागी बीज देऊन चालणारा आकडेजनक लिहा: बीज तेच असेल तर आकडेही तेच येतात. जॉर्ज मार्साग्लिया यांचा एक्सऑरशिफ्ट चार ओळींत होतो. त्याची आतली स्थिती मॉडेलचाच भाग. ‘डेट.नाऊ’ही नको, वेळ हवी तर निरोपावरच्या शिक्क्याची.

कमी लोकांना सुचतं ते पुढचं. बेरीज, वजाबाकी, गुणाकार, भागाकार सगळ्या ब्राउझरांत शेवटच्या बिटापर्यंत सारखे येतात, पण साइन, कोसाइन, घातांक यांचा शेवटचा अंक ब्राउझरच्या जावास्क्रिप्ट इंजिनागणिक वेगळा असू शकतो. भाषेचं प्रमाणच तशी मोकळीक देतं. एवढासा फरक उसळत्या चेंडूत काही सेकंदांत वाढून डोळ्याला दिसतो. एकतर साइनचं कोष्टक कोडमध्येच ठेवा, किंवा ही फंक्शनं साध्या गणितातून स्वतः लिहा. फळ्यावरच्या जागा हजारपट करून पूर्णांकात ठेवल्या तर निम्मी डोकेदुखी जाते.

नावांची यादी मराठी वर्णक्रमाने लावायची आहे? भाषेनुसार शब्दांची तुलना करणारं ‘लोकेलकंपेअर’ मॉडेलमध्ये वापरू नका. त्यामागचे वर्णक्रमाचे तक्ते ब्राउझरच्या आवृत्तीनुसार बदलतात. मॉडेलमध्ये यादी आली त्या क्रमानेच ठेवा आणि व्ह्यूमध्ये हवी तशी लावून दाखवा.

‘अवेट’ आणि प्रॉमिस, म्हणजे उशिरा येणाऱ्या उत्तराची वाट बघण्याच्या सोयी, हेही मॉडेलबाहेर. अवेटनंतरचा तुकडा दोन निरोपांच्या नेमक्या कुठल्या फटीत चालेल यावर तुमचा ताबा राहत नाही.

फाटा फुटला हे कळायला दर ५०० निरोपांनी प्रत्येक प्रतीने आपल्या स्थितीचा हॅश (सगळ्या स्थितीतून काढलेला एक छोटा आकडा) काढून निरोप्याकडे पाठवावा. ३२ बिटांचा एफएनव्ही हॅश पुरतो, इथे चोर पकडायचा नसून चूक पकडायची आहे. हॅश न जुळणाऱ्या प्रतीला निरोप्या ‘पुन्हा लोड हो’ सांगतो. पण तिथे थांबू नका: शेवटचा जुळलेला क्रमांक आणि मधले निरोप फाइलमध्ये टाका. तेवढ्या निरोपांत दोषी कृती सापडतेच, कारण तेच निरोप पुन्हा चालवले की तोच फाटा पुन्हा फुटतो. साध्या नेटवर्क प्रोग्राममध्ये अशी हुकमी पुनरावृत्ती मिळत नाही.

उशिरा येणाऱ्यासाठी स्नॅपशॉट

सकाळी दहाला सुरू झालेल्या खोलीत कुणी चारला आला तर त्याने सहा तासांचे निरोप पहिल्यापासून चालवायचे का? म्हणून ठरावीक निरोपांनंतर निरोप्या एखाद्या प्रतीकडे स्नॅपशॉट (त्या क्षणीच्या पूर्ण स्थितीची नक्कल) मागतो, तो अमुक क्रमांकापर्यंतचा म्हणून साठवतो आणि त्याआधीचे निरोप बाजूला काढतो. नवा माणूस स्नॅपशॉट उघडतो, उरलेले निरोप एका दमात चालवतो आणि सगळ्यांच्या बरोबरीला येतो. हे चालू असताना चित्र काढू नका. बरोबरीला आल्यावरच पडदा उघडा, नाहीतर त्याला सहा तासांची धावपळ चार सेकंदांत दिसेल.

स्नॅपशॉट नेहमी दोन निरोपांच्या मध्ये घ्यायचा, एखाद्या कृतीच्या अर्ध्यात नाही. त्यात वस्तू तर असायच्याच, शिवाय पुढच्या कामांची रांग, कामांचा चढता क्रमांक आणि आकडेजनकाची स्थिती. रांग विसरली की लक्षण ठरलेलं: उशिरा येणाऱ्याला चेंडू दिसतो, पण गोठलेला.

जेसन या मजकुरी स्वरूपात साठवत असाल तर त्याच्या खोडी माहीत असाव्यात. अनंत आणि ‘आकडा नाही’ या दोन्ही किमती नल, म्हणजे ‘काही नाही’, होतात. मॅप आणि सेट रिकाम्या वस्तू होतात. तारीख मजकूर होते. फंक्शन गायब होतं. उणे शून्याचा साधा शून्य होतो, आणि त्याने कुणी भागलं तर एकीकडे उणे अनंत, दुसरीकडे अधिक अनंत. मॅप असेल तर त्याची जोड्यांची यादी करा, फंक्शनऐवजी त्याचं नाव साठवा, आणि एका वस्तूने दुसऱ्या वस्तूकडे बोट दाखवायचं ते तिच्या ओळखक्रमांकाने.

यावर एक उपाय आहे जो बांधणीच्या काळात कायम चालू ठेवावा: सावली. स्नॅपशॉट घेतला की लगेच तोच उघडून शेजारी लपवलेली दुसरी प्रत चालू करा आणि पुढचे निरोप दोघांनाही द्या. पुढच्या हॅशला दोघांत फरक आला तर स्नॅपशॉटमध्ये काहीतरी राहिलं. दुसरा माणूस यायची वाट न बघता एकट्याच्या मशीनवर चूक सापडते.

कागदावर मराठी

कोडच्या कागदावर टिपा, नावं, सूचना मराठीत लिहिल्या जातात, आणि देवनागरी इथे अशा जागी अडते जिथे इंग्रजी कधीच अडत नाही.

मजकुराची जागा ‘सतरावं अक्षर’ अशी सांगू नका. निरोप पोहोचेपर्यंत दुसऱ्याने आधी काही घातलेलं असतं आणि सतरावं आता विसावं झालेलं असतं. प्रत्येक संकेतचिन्हाला (युनिकोडमधल्या एकेका सुट्या चिन्हाला) स्वतःची ओळख द्या: कुणी घातलं आणि त्याचं कितवं. निरोप असा: ‘अमुक ओळखीच्या नंतर हे घाल’. पुसलेलं चिन्ह यादीतून काढू नका, ‘पुसलं’ अशी खूण करा, कारण त्याच्या नंतर काही घालणारा निरोप वाटेत असू शकतो. निरोपांना एकच क्रम असल्याने एवढ्यावर भागतं; एकत्र लिहिण्याच्या अवघड गणिती रचना इथे लागत नाहीत.

आता ‘क्षि’ घ्या. वाचणाऱ्याला एक अक्षर. आत चार संकेतचिन्हं: क, हलन्त, ष, आणि ऱ्हस्व वेलांटी. कर्सर मध्ये थांबू नये म्हणून ब्राउझरमधला ‘इंटल.सेगमेंटर’ वापरून अक्षरांच्या सीमा काढता येतात, पण २०२३ च्या युनिकोड १५.१ मध्ये भारतीय जोडाक्षरांचा नियम बदलला. त्याआधीच्या नियमाने ‘क्षि’चे दोन तुकडे होतात, नंतरच्या नियमाने एकच. म्हणजे जुना ब्राउझर आणि नवा ब्राउझर एकाच शब्दातली अक्षरं वेगळी मोजतात. ही मोजणी मॉडेलमध्ये शिरली की फाटा. सीमा काढणं व्ह्यूचं काम. मॉडेलपर्यंत फक्त संकेतचिन्हांच्या ओळखी जाव्यात. कर्सर डावी-उजवीकडे अख्ख्या अक्षराने न्या. बॅकस्पेसने मात्र एकच चिन्ह पुसा, कारण ‘कि’चं ‘की’ करताना लोक फक्त वेलांटी पुसतात आणि अख्खं अक्षर गेलं तर चिडतात. पुढे पुसणाऱ्या डिलीटने अख्खं अक्षर.

‘दुसऱ्या’ या शब्दातला ऱ आणखी एक सापळा आहे. तो एका संकेतचिन्हानेही लिहिता येतो आणि ‘र’ अधिक नुक्ता (खालचं टिंब) असा दोन चिन्हांनीही. दिसायला फरक नाही, शोधात मात्र सापडत नाही. निरोप पाठवण्याआधी व्ह्यूमध्येच मजकूर ‘नॉर्मलाइझ’ करून एनएफसी या ठरलेल्या रूपात आणा, ज्यात असा ऱ एकाच चिन्हाचा होतो.

आणि टायपिंग. इनस्क्रिप्ट या देवनागरी कीबोर्डचं अक्षर थेट उमटतं, पण इंग्रजी अक्षरांतून मराठी करणारे कीबोर्ड आणि बहुतेक मोबाइल कीबोर्ड शब्द पुरा होईपर्यंत त्याची जुळवाजुळव करत असतात. कळ दाबली की दर वेळी निरोप पाठवला तर बाकीच्यांना आधी रोमन अक्षरं दिसतात, मग ती पुसली जातात, मग मराठी येतं. आणि त्याच ओळीत कुणी दुसरा लिहीत असेल तर कीबोर्ड गोंधळून तोच शब्द दोनदा टाकतो. जुळवाजुळव सुरू झाल्याची घटना आली की थांबा, संपल्याची आली की पूर्ण शब्द एकाच निरोपात पाठवा. आणि ती चालू असताना दुसऱ्यांचे बदल त्या मजकूरपेटीत उतरवू नका. मॉडेलमध्ये जाऊ द्या, पेटीत मागून दाखवा.

चालत्या खोलीत कोड बदलणं

कोडचा मजकूर मॉडेलमध्ये राहतो. त्यापासून बनलेलं फंक्शन राहत नाही, ते प्रत्येक प्रत स्वतः बनवते. दर अक्षराला कोड बनवायचा नाही. कुणीतरी ‘चालू कर’ दाबलं की तो निरोप जातो आणि सगळ्या प्रती त्याच क्रमांकावर नवा नियम उचलतात. कोड वाचताना चूक निघाली तर जुना नियम चालू ठेवा आणि चुकीची ओळ कागदावर दाखवा.

खरा धोका वेगळाच आहे. कुणी न संपणारा लूप लिहून ‘चालू कर’ दाबलं. सगळ्यांचे टॅब एकदम गोठतात. लोक टॅब बंद करून पुन्हा आत येतात. स्नॅपशॉट उघडतो, उरलेले निरोप चालतात, त्यात तोच निरोप येतो आणि टॅब पुन्हा गोठतो. खोली कायमची मेली.

‘दोन सेकंद झाले की थांबव’ हा उपाय सुचतो आणि तो चुकीचा आहे. वेगवान लॅपटॉपवर काम दोन सेकंदांत पुरं होईल, जुन्या मोबाइलवर होणार नाही, आणि फाटा फुटेल. वेळेऐवजी पावलं मोजा. एकॉर्नने कोडचं झाड काढा आणि प्रत्येक लूपच्या व प्रत्येक फंक्शनच्या सुरुवातीला एक मोजणी घाला. एका निरोपाला १,००,००० पावलं; ओलांडली की एरर. हा आकडा सगळीकडे सारखा, म्हणून एररही सगळीकडे त्याच पावलाला येते. फंक्शन स्वतःलाच बोलावत किती पातळ्या आत जातं तेही मोजा, २०० पुरतात. ब्राउझरची स्वतःची मर्यादा प्रत्येकाची वेगळी असते आणि तिच्यावर विसंबलात तर पुन्हा तेच. शिवाय निरोप्याला ‘अमुक क्रमांकाचा निरोप वगळून खोली उघड’ अशी सोय हाताशी असू द्या. एक दिवस लागतेच.

मॉडेल वर्करमध्ये, म्हणजे पानामागे वेगळ्या चालणाऱ्या स्क्रिप्टमध्ये, चालवा म्हणजे जड गणिताने बटणं अडकत नाहीत. खोलीत अनोळखी माणसं येणार असतील तर तो वर्कर सँडबॉक्स लावलेल्या आयफ्रेममध्ये (पानातल्या बंदिस्त पानात) ठेवा: स्क्रिप्टला परवानगी द्या, ‘सेम ओरिजिन’ची देऊ नका, आणि कंटेंट सिक्युरिटी पॉलिसी या ब्राउझरला निर्बंध सांगणाऱ्या हेडरने बाहेरचं नेटवर्क बंद करा. नाहीतर एकाने लिहिलेला कोड दुसऱ्याच्या ब्राउझरमध्ये त्याच्या लॉगिनसकट चालतो.

माउस, पकड आणि झोपलेले टॅब

इतरांचे पॉइंटर दिसले की खोलीत जिवंतपणा येतो, पण हिशोब करा. माउसच्या घटना सेकंदाला ६० किंवा जास्त येतात. त्या २० वर आणा. आठ जणांचे २० म्हणजे सेकंदाला १६० निरोप आत, आठांना वाटले की १,२८० बाहेर. ६० बाइटचा एक धरला तर साधारण ७७ किलोबाइट, चालून जातं. तीस जण झाले की १८,००० बाहेर आणि मेगाबाइटच्या वर. लोक वाढतात त्याच्या वर्गाने हा आकडा वाढतो. त्यामुळे पॉइंटर क्रमांकाच्या रांगेत घालूच नका. निरोप्याने ते क्रमांकाशिवाय पुढे ढकलावेत; मॉडेलला, स्नॅपशॉटला त्यांच्याशी कर्तव्य नाही. एखादा हरवला तरी पुढचा येतोच.

वस्तू ओढताना आधी ‘पकडली’ असा निरोप पाठवा. ज्याचा क्रमांक आधी, त्याची पकड. दुसऱ्याच्या हातून वस्तू व्ह्यूने जागेवर परत न्यावी. ओढणाऱ्याला वस्तू हाताबरोबर लगेच हललेली दाखवा, निरोप फिरून येण्याची वाट बघायला लावू नका, फक्त हे दाखवणं व्ह्यूतच राहू दे. आणि ‘गेला’ असा निरोप आला की त्याच्या सगळ्या पकडी सोडवा. हे राहिलं तर कुणाची तरी वायफाय गेली म्हणून एखादा कागद कुणालाच हलवता येत नाही.

मागे गेलेल्या टॅबमध्ये चित्राची चौकट मागणारं फंक्शन थांबतं आणि टायमर मंदावतात, वेबसॉकेटवर निरोप मात्र येत राहतात. मॉडेल चित्राच्या चौकटीवर चालवलं तर अर्ध्या तासाने टॅबवर परतणाऱ्याला अर्ध्या तासाचं साचलेलं काम एकदम करावं लागतं. मॉडेल नेहमी निरोप आला की लगेच पुढे न्या.

लोकांना आत घेण्याआधी

एका मशीनवर क्रोम, दुसऱ्यावर फायरफॉक्स, तिसरा एक जुना अँड्रॉइड मोबाइल. तिघांवर हॅशची तुलना आणि सावली चालू. एका आपोआप चालणाऱ्या स्क्रिप्टकडून सेकंदाला दहा याप्रमाणे मनाला येतील तशा कृती तासभर करून घ्या. त्यात कागदावर लिहिणं, कोड चालू करणं, पकडणं, सोडणं सगळं असावं. दर पाच मिनिटांनी एका मशीनचं नेटवर्क मंद करा, मग पूर्ण तोडा, मग जोडा. मधेच नवा टॅब उघडून आत या. लॅपटॉपचं झाकण दहा मिनिटं बंद ठेवून उघडा. निरोप्या मारून पुन्हा सुरू करा आणि वेळ मागे गेली नाही ना ते बघा. मोबाइलवरून ‘दुसऱ्याची परीक्षा’ असं टाइप करत असताना लॅपटॉपवरून त्याच ओळीच्या सुरुवातीला लिहा. शेवटी न संपणारा लूप मुद्दाम चालू करा आणि तिन्ही स्क्रीनवर एरर त्याच पावलाला आली का ते तपासा.